अर्धी गोळी

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आले की त्यांतली बरीचशी पत्रे साठी ओलांडलेल्या, शहरात राहणाऱ्या आणि मधुमेह, रक्तदाब किंवा सांधेदुखी असा एखादा कायमचा आजार सोबत घेऊन जगणाऱ्या बायकांविषयी आहेत. त्या बायकांनी स्वतः लिहिलेली पत्रे मात्र फार थोडी आहेत. बाकीची मुलांनी किंवा सुनांनी लिहिली आहेत आणि 'ती ऐकत नाही' ही तक्रार त्यांत पुन्हा पुन्हा येते. या महिन्यात त्यांपैकी पाच पत्रे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील त्यांतून काढला आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या असून त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. आम्ही जळगावात राहतो, यजमानांचे दुकान आहे. घरापासून पाच मिनिटांवर दोन दवाखाने आणि तीन मेडिकल आहेत, पैशाचीही तशी अडचण नाही. तरीही त्या गोळ्या नियमित घेत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांच्या कपाटातल्या पितळी डब्यात अर्ध्या मोडलेल्या गोळ्या सापडल्या. विचारले तर म्हणाल्या, "या गोळ्या उष्ण पडतात, किडनी खराब करतात, समोरच्या काकूंची झालीच ना." जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस मात्र त्या न चुकता घेतात. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांतला एकही उपास सोडत नाहीत. गेल्या श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणात रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, खाल्ल्यानंतर साखर तीनशेच्या वर गेली होती. समजावून सांगून आम्ही थकलो. या अंधश्रद्धेवर उपाय काय?
— एक सून, जळगाव

उत्तर : तुमच्या पत्रातला 'अंधश्रद्धा' हा शब्द मी थोडा वेळ बाजूला ठेवते, कारण त्या पितळी डब्यातल्या अर्ध्या गोळ्या मला वेगळेच काही सांगतात. जिचा औषधावर मुळीच विश्वास नसतो ती बाई गोळी फेकून देते. अर्धी मोडून उरलेली अर्धी जपून ठेवणारी बाई हिशेब करत असते. हे मला दवाखाना सुरू केल्यावर फार उशिरा कळले. माझ्याकडे महिन्याच्या गोळ्या घेऊन जाणाऱ्या एक आजी दर वेळी दोन महिन्यांनी परत येत आणि दर वेळी मी त्यांना रागावत असे. एकदा त्यांच्यासोबत शाळकरी नात आली होती. ती सहज बोलून गेली की आजी चिठ्ठी बाबांना लगेच देत नाही, घरात दुसरा काही खर्च नसेल असा दिवस बघून देते. त्या घरातही पैशाची अडचण नव्हती. घरात पैसा असणे आणि घरातल्या साठीच्या बाईच्या हातात पैसा असणे या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे, आणि ज्या बाईने चाळीस वर्षे सर्वांत शेवटी पानावर बसून उरलेले खाल्ले आहे, तिला स्वतःच्या नावाचा, दर महिन्याला येणारा आणि कधीही न संपणारा खर्च मागताना संकोच वाटतो.

दवाखाना पाच मिनिटांवर आहे, हेही जरा मोजून पाहा. उपाशीपोटी रक्त द्यायचे, घरी येऊन जेवायचे, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायला जायचे, संध्याकाळी रिपोर्ट आणायचा आणि मग डॉक्टरांना दाखवायचे, असे एकूण तीन-चार वेळा घराबाहेर पडावे लागते. वैशाखात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा सकाळी दहानंतर या वयाच्या बाईने एकटीने रस्त्यावर निघणे धोक्याचेच. म्हणजे सोबत कोणीतरी हवे. मुलाला दुकान, तुम्हाला स्वयंपाक आणि मुलांची शाळा. अशा वेळी "मला काही होत नाही, राहू द्या" हे वाक्य आपण हट्ट म्हणून ऐकतो. तुमची सोय पाहून त्या ते बोलत असतील, ही शक्यता एकदा मनात धरून पाहा.

आता त्यांच्या समजुतींकडे येते, कारण त्या सगळ्या निराधार नाहीत. गोळी 'उष्ण पडते' म्हणजे नेमके काय होते, हे त्यांना विचारले आहे का? मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पुष्कळांना पोटात जळजळ, गॅस, पातळ जुलाब होतात किंवा तोंडाला धातूसारखी चव येते. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, चेहरा तापल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या बायकांच्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे आणि तो डॉक्टरांच्या भाषेत नसल्यामुळे तक्रार कागदावर उतरतच नाही. मेटफॉर्मिन जेवणानंतर घेतले, थोड्या मात्रेपासून वाढवत नेले किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात बदलून घेतले, तर बहुतेकींचा त्रास कमी होतो. मात्र हळूहळू विरघळणारी गोळी मोडायची नसते. ती दिवसभर थोडी थोडी सुटावी अशी बांधलेली असते, मोडली की पुष्कळसे औषध एकदम सुटते आणि पोटाचा त्रास वाढतो. पाकिटावर 'एसआर', 'एक्सआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरे आहेत का, ते आजच पाहा. सासूबाई उष्णतेवर उपाय म्हणून जी गोळी अर्धी करतात, ती अर्धी केल्यामुळेच उष्ण पडत असण्याचा संभव आहे.

किडनीचे म्हणाल तर समोरच्या काकू गोळ्या घेत होत्या आणि त्यांची किडनी गेली, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण बहुधा त्यांतले कारण तिसरेच असेल. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब किडनीची गाळणी झिजवतात, ती निम्म्याहून अधिक झिजेपर्यंत काहीही दुखत नाही, आणि पायांवर सूज येऊन तपासणी होते तेव्हा हातात गोळ्यांचे पाकीट असते, म्हणून दोष पाकिटावर जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, मधुमेहात किडनीचे रक्षण व्हावे म्हणूनच दिल्या जातात. सासूबाईंच्या भीतीत तथ्य एवढेच, की किडनी आधीच कमजोर झाली असेल तर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करावी किंवा ते बंद करावे लागते. म्हणून वर्षातून एकदा तरी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासायचे. तो रिपोर्ट त्यांच्या हातात देऊन डॉक्टरांनीच त्यांना समजावला, तर तुमच्या दहा व्याख्यानांहून त्याचा उपयोग अधिक होईल.

कारले आणि जांभूळ यांच्याशी मी भांडत नाही. त्यांनी साखर थोडी कमी होऊ शकते, परंतु अकरा वर्षांचा मधुमेह त्यांच्यावर सोपवता येत नाही. मला अधिक काळजी उपासाची वाटते. चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ती गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर सत्तरच्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ आणि कधी बेशुद्धी येते. दुसऱ्या बाजूने साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे त्याच उपासाला संध्याकाळी साखर उसळते. उपास मोडा असे सांगून कोणी मोडत नाही, हा माझा अनुभव आहे, म्हणून मी एवढेच म्हणेन की उपासाच्या आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाची वेगळी मात्रा लिहून घ्या, खिचडीऐवजी दूध, ताक, शेंगदाणे आणि फळाचा लहान वाटा ठेवा. घाम येऊन थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि उपास मोडला म्हणून नंतर कोणी बोलायचे नाही. रोटांचे दिवस वर्षातून एकदाच येतात, त्या चार दिवसांच्या साखरेवरून वर्षाचा निवाडा करू नये. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी उपाशीपोटीही करावी लागत नाही, म्हणजे एक फेरी वाचते. या वयात तो आकडा सात ते आठच्या दरम्यान राहिला तरी बहुतेकींना पुरते. तरुण माणसासारखा साडेसहाचा आग्रह धरण्यात साखर फार उतरण्याचा धोका असतो.

आणखी एक सुचवते आणि ते तुमच्या यजमानांना दाखवा. औषधाचे महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला न मागता सासूबाईंच्या हातात द्या, आणि तीन महिन्यांतून एकदा मुलाने दुकान दोन तास बंद ठेवून आईला स्वतः घेऊन जावे.

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची, आम्ही धुळ्यात राहतो. गुडघेदुखीमुळे तिला जिना उतरणे अशक्य झाले होते. सहा महिन्यांपासून ती एका माणसाकडून पुड्या घेते. तो दर मंगळवारी आमच्या गल्लीत येतो. तिसऱ्याच दिवशी आई चालायला लागली, त्यामुळे गल्लीतल्या आणखी बायकांनी त्याच पुड्या सुरू केल्या. आता तिचा चेहरा भरल्यासारखा दिसतो, हातांवर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडतात आणि आधी काठावर असलेली साखर वाढली आहे. डॉक्टरकडे चल म्हटले की म्हणते, "माले काय व्हयनं? मी बरी शे." पुड्या बंद करायला लावू का?
— एक मुलगा, धुळे

उत्तर : आज एकदम बंद करू नका. हे उत्तर तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून कारण आधी सांगते. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे, म्हणजे गोलसर चेहरा, पातळ होऊन सहज काळी पडणारी कातडी, वाढती साखर आणि जुन्या दुखण्यात तीन दिवसांत पडलेला चमत्कारिक फरक, ही सगळी एकत्र आली की पुडीत स्टेरॉइडची भेसळ असल्याचा संशय घ्यावा लागतो. शरीर स्वतःही रोज असे द्रव्य तयार करते. बाहेरून सहा महिने मिळत राहिल्यावर ते काम थांबवते, आणि पुरवठा अचानक तुटला तर उलट्या, कमालीचा थकवा आणि रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. म्हणून याच आठवड्यात एखाद्या फिजिशियनकडे किंवा श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात आईला न्या, उरलेल्या पुड्या सोबत ठेवा आणि त्या किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा घेतल्या ते कागदावर लिहून द्या. मात्रा हळूहळू उतरवायची असते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. मधल्या काळात ताप, उलट्या किंवा अंगात त्राण न उरणे असे काही झाले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या. गल्लीतल्या इतर बायकांनाही हे कळवा, फक्त आईला चारचौघींत खजील न करता.

पदवीधर, नोंदणी असलेल्या वैद्यांविषयी मी हे लिहीत नाही. औषधाचे नाव सांगत नाही, चिठ्ठी देत नाही आणि पुडीत काय आहे ते लिहून देत नाही अशा माणसाविषयी लिहिते आहे.

तरीही तो मंगळवारी येतो आणि आईला तो आवडतो, याचा विचार तुम्ही केला पाहिजे. तो तिच्या ओट्यावर बसतो, तिला जिना चढावा लागत नाही. कोणता गुडघा आधी धरला, रात्री झोप लागते का, सुना हातभार लावतात का, हे तो विचारतो. तो नाडी धरतो, म्हणजे तिच्या अंगाला हात लावतो. मी स्वतः गर्दीच्या दिवशी एका रुग्णाला चार मिनिटांत बाहेर काढलेले आहे आणि त्या चार मिनिटांतली दोन मागचा कागद शोधण्यात गेलेली आहेत. गुडघा न तपासता एक्स-रे उजेडाकडे धरून "वय झाले, आता असेच चालायचे" असे मीही म्हटले आहे. त्या वाक्यानंतर बाई पुडीवाल्याकडे गेली, तर तिच्या भोळेपणाला हसण्याचा अधिकार मला उरत नाही. तुम्हाला त्या माणसाशी स्पर्धा करायची आहे, हे ध्यानात ठेवून आईला घेऊन जा. आत गेल्यावर तिला बोलू द्या, तिच्या वतीने तुम्ही बोलू नका.

गुडघ्यांविषयी थोडे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये सांध्यांची झीज पुरुषांपेक्षा अधिक आढळते आणि ती भरून काढणारी गोळी नाही. पण मांडीचे स्नायू बळकट झाले तर झिजलेला गुडघाही बराच काळ चालतो. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, पाच ते दहा सेकंद धरायचा, खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे आधीच सांगा, कारण तिला तीन दिवसांची सवय लागली आहे. वजन एक किलो उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. घरात जमिनीवरचे शौचकूप असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मेडिकल दुकानांत मिळते, ती या आठवड्यातच आणा. वेदनाशामक गोळ्या मेडिकलवरून मनाने आणून रोज घेणे टाळा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनीला इजा होते. जळगावच्या सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्यांविषयी जी भीती वाटते, ती खरे तर या गोळ्यांविषयी बाळगायला हवी.

प्रश्न : मी ७३ वर्षांची असून अमळनेरला एकटी राहते. यजमान गिरणीत होते, ते वारले. मुलगा पुण्याला असतो. मला बीपी आणि शुगर आहे. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना पाच लाखांचे कार्ड मिळते असे ऐकले. ते काढले की दर महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या फुकट होतील का? मागे एका केंद्रावर गेले होते, तिथे माझे अंगठेच उमटले नाहीत, म्हणून परत पाठवले.
— एक आजी, अमळनेर

उत्तर : आजी, पत्र तुम्ही स्वतः लिहिले आहे, त्यामुळे ते मी दोनदा वाचले. कार्ड आहे, त्याचे नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण त्यातून मिळते. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस यांतला औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च त्यात धरलेला असतो, परंतु दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. तरीही काढून ठेवा, कारण हृदयविकार, अर्धांगवायू किंवा हाड मोडणे यांसाठी ऐन वेळी धावपळ होते. दाखल होण्यापूर्वी ते रुग्णालय योजनेत आहे का, हे १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यायचे.

अंगठे न उमटणे यात तुमचा दोष नाही. आयुष्यभर भांडी घासली, शेतात राबले की बोटांच्या रेषा झिजतात. अंगठ्याऐवजी डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते, आणि केंद्रावर तसे स्पष्ट सांगायचे. ओटीपीची अडचण वेगळीच असते. तुमच्या आधारला बहुधा मुलाचा नंबर जोडलेला असेल, म्हणजे तो पुण्यात वाजणार. मुलाशी वेळ ठरवून, तो फोनवर असताना केंद्रावर जा. आधारवरची जन्मतारीखही पाहून घ्या. तुमच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांची तारीख अंदाजाने १ जानेवारी अशी घातलेली असते, कधी वयही चार-पाच वर्षांनी कमी लिहिलेले असते, आणि कार्डासाठी आधारवरचेच वय धरतात.

महिन्याच्या गोळ्यांसाठी सरकारी रुग्णालयातला असंसर्गजन्य आजारांचा कक्ष हा तुमचा रस्ता आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासण्या आणि औषधे निःशुल्क आहेत. एखादी गोळी तिथे संपलेली असेल, तर औषधाचे मूळ नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रावर जा. तिथली किंमत नावाजलेल्या कंपनीच्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी असते. स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी, ही समजूत जळगावच्या पेठेतल्या शिकलेल्या लोकांतही आहे. पैसे मोजले तरच गुण येतो असे आपल्याला उगीच वाटते. रांगेचे म्हणाल, तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. नसेल तर मागायला संकोच करू नका. जळगावला किंवा धुळ्याला जावे लागले, तर एसटीत तुम्हाला अर्धे तिकीट आहे, आणि दोन वर्षांनी पंचाहत्तरी झाली की तेही लागणार नाही. एकटेपणामुळे कोणाशी बोलायचे असेल, अडचण सांगायची असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क दूरध्वनी आहे.

प्रश्न : आईला इन्सुलिन सुरू करायला सांगितले आहे. ती म्हणते, सुई लागली म्हणजे शेवट आला. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सारखी जाते, मग फ्रिजचा काय भरवसा?
— शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : शेवट जवळ आलेल्या अनेकांना पूर्वी अगदी उशिरा इन्सुलिन दिले जात असे, त्यामुळे लोकांच्या आठवणीत सुई आणि मरण जवळजवळ आले, आईने तेच पाहिले असणार. आज ते वेळेवर सुरू केले जाते आणि सुई केसासारखी बारीक असते. पहिली सुई दवाखान्यात नर्सकडून आईसमोर शिकून घ्या.

न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेली बाटली पंचवीस-तीस अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते, पण आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच त्याहून जास्त तापमान असते. एका मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा, बाटली झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओले फडके टाका आणि मडके वारा लागेल अशा सावलीत ठेवा. कोरड्या हवेत ते चांगले गार राहते. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा मुळातच दुधाळ असणाऱ्या मिश्र इन्सुलिनमध्ये हातात फिरवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते टाकून द्या.

प्रश्न : लिहायला लाज वाटते. मी ६१ वर्षांची आहे, चाळीसगावला राहते. खोकला आला किंवा हसले तरी लघवीचे थेंब सुटतात. शुगरसाठी ज्या डॉक्टरांकडे जाते ते पुरुष आहेत आणि सोबत मुलगा असतो, म्हणून आजवर बोलले नाही. बाहेर जायचे असेल तर सकाळपासून पाणी पीत नाही. लग्नकार्यांना जाणे सोडले. हे वयाचेच आहे ना?
— चाळीसगाव

उत्तर : नाही ताई, हे वयावर सोडून द्यायचे नाही. बाळंतपणांनी सैल झालेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पाळी गेल्यानंतर नाजूक झालेली त्वचा, अंग (गर्भाशय) खाली येणे, लघवीचा संसर्ग, रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी आणि न आवरलेली साखर, यांपैकी एक किंवा अनेक कारणे असतात आणि बहुतेकांवर इलाज आहे. साखर वाढली की लघवी जास्त होते, म्हणजे जो आजार दाखवायला तुम्ही जाता त्याचाच हा भाग असू शकतो, आणि नेमका तोच डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

पाणी तोडू नका. आपल्या उन्हात पाणी कमी झाले की लघवी घट्ट होऊन जळजळ आणि संसर्ग वाढतात आणि थेंब आणखी सुटतात. मधुमेहात तर त्याने किडनीवरही ताण येतो. पाणी दिवसभरात थोडे थोडे प्या, चहा कमी करा, निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर लघवीला जाऊन या. लग्नघरी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधीच विचारून ठेवण्यात काही गैर नाही. मंगल कार्यालयवाल्यांना वरमायांच्या वयाच्या बायका लक्षात येत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?

व्यायाम असा : लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात, तेच बसल्या जागी आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सैल सोडायचे. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. तीन महिने नेमाने केल्यावर फरक कळतो. दळण निवडताना, मालिका बघताना, कुठेही करता येतो. कोणाला कळत नाही.

तरीही एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवा. तुमच्या सरकारी रुग्णालयात त्या कोणत्या वारी येतात ते विचारून घ्या. लघवीतून रक्त येत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाही अंगावरून लाल गेले असेल, तर वार पाहू नका, त्याच आठवड्यात जा. मुलाला सोबत न्या, मात्र "तू बाहेर बस, मला बाईंशी बोलायचे आहे" एवढे वाक्य घरूनच ठरवून निघा. तेही तोंडातून निघणार नसेल, तर हेच पत्र, जसेच्या तसे, वहीच्या कागदावर उतरवा आणि केसपेपरच्या घडीत घालून टेबलावर ठेवा.